कमी, बरोबर, जास्त

माझ्या मामाला कामावर सगळे 'जीभ' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे; पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सकाळी तो कचेरीच्या पायऱ्या चढायला लागला की दारावरचा माणूस आत वर्दी द्यायचा, "जीभ आली, वाट्या मांडा." ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी तोंडाळ माणूस येतोय. मामा तर इतका घुम्या, की तो घरात आहे की नाही हे दारातल्या चपलांवरून ओळखावं लागे. कामावर तो तीनच शब्द बोलायचा आणि तेही सरकारने नेमून दिलेले होते. कमी, बरोबर आणि जास्त.

मामा चवतपासनीस होता. ते काम आता उरलेलं नाही, म्हणून नीट सांगते.

बरोबरीचा कायदा आला तेव्हा मी जन्मले नव्हते. कायदा आला आणि घरोघरचे स्वयंपाक बंद झाले. प्रत्येक वस्तीला एक सामायिक स्वयंपाकघर मिळालं, घरात फक्त पाणी आणि दूध तापवण्यापुरती शेगडी राहिली. यामागे काही दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. एकाच्या ताटात चार पदार्थ आणि शेजारच्याच्या ताटात काहीच नाही, हे माझ्या आईने आणि मामाने लहानपणी सोसलं होतं. कायद्यानंतर कुणी उपाशी झोपलं नाही. जे आजकाल त्या दिवसांना नुसत्या शिव्या घालतात, त्यांनी एवढं तरी कबूल करावं.

गोची पुढे झाली. सगळ्या स्वयंपाकघरांना सामान एकच. बटाटे कारखान्यात वाढवलेले, सगळे एका मापाचे. मीठ भिंतीतल्या नळीतून मोजून पडायचं. शेगडी आपली आपण पेटायची आणि आपली आपण विझायची. तरीही लोक आपल्या वस्तीतलं स्वयंपाकघर सोडून, डबा हलवत, भलतीकडेच रांगा लावायला लागले. सरकारने यंत्र आणलं. यंत्राने सगळीकडच्या वाट्या तपासल्या आणि सगळ्या सारख्या आहेत असं सांगितलं. रांगा काही हटल्या नाहीत. मग यंत्राला जे कळत नाही ते कळणारी माणसं शोधायची वेळ आली, आणि त्यात मामा सापडला. सगळ्यांना सारखं करायला सरकारला असा माणूस लागला, जो इतरांसारखा नव्हता. यातली गंमत मामाच्या कधी लक्षातच आली नाही, की लक्षात येऊन तो मूग गिळून बसला, कोण जाणे.

बरोबरीचं खूळ तेव्हा सगळीकडेच होतं. आमच्या गल्लीतलं एक झाड बाकीच्यांपेक्षा उंच गेलं म्हणून त्याचा शेंडा छाटला. तो जरा जास्तच छाटला गेला, मग इतर झाडं त्याच्यापेक्षा उंच दिसायला लागली, म्हणून तीही छाटली. असं करत करत सगळी झाडं कमरेपर्यंत आली तेव्हा कुठे माळी थांबला. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा गळा गोड होता. बाईंनी तिला अगदी प्रेमाने सांगितलं होतं, तू गाताना नुसते ओठ हलवत जा. ती हलवायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि हेच मला आता आठवून वाईट वाटतं.

आई लवकर गेली आणि मी मामाकडेच वाढले. त्याची तपासणीची खोली मी लहानपणी एकदा पाहिली. पांढऱ्या फरशीचं लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या वाट्या, कुठल्या स्वयंपाकघरातून कुठली वाटी आली याची एकीवरही खूण नाही. मामा एक चमचा तोंडात घ्यायचा, शब्द उच्चारायचा, कोमट पाण्याने चूळ भरायचा आणि पुढच्या वाटीकडे सरकायचा. त्याच्या मागून आणखी एक तपासनीस यायची, एक जाडजूड बाई, तिला 'दुसरी जीभ' म्हणत. दोघांचं एकमत झालं की झालं. 'बरोबर' म्हणजे सगळं ठीक. आपल्या भाषेत हा शब्द किती कामं करतो बघा. गणित बरोबर येतं, बाजारात जाताना सोबतीचं माणूस बरोबर येतं, आणि मामाच्या टेबलावर रस्साही बरोबर यायचा. 'कमी' आलं तर स्वयंपाक्याला शिकवायला माणूस जायचा. 'जास्त' आलं तरी शिकवायलाच जायचा, फक्त उलटं. आणि जो शिकूनही पुन्हा 'जास्त' ठरेल त्याला चुलीपासून उठवून कायमचं भांडी घासायला बसवायचे.

मी त्याच्याकडे यायच्या आधीची गोष्ट. एका सकाळी मामाने एका वाटीतला चमचा तोंडात घातला आणि पाण्याच्या पेल्याकडे हात नेलाच नाही. बटाटा-कांद्याचा रस्सा होता. त्या दिवशी सगळ्याच वाट्यांत तोच होता. नियम एका चमच्याचा. मामाने दुसरा घेतला, मग तिसरा. वाट्या मांडणारी बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. वाटी चाटूनपुसून रिकामी केल्यावर मामा म्हणाला, "जास्त." दुसऱ्या जिभेला चाखायला काही उरलंच नव्हतं. साहेबांनी मामाला बोलावून चांगलं झापलं आणि शिक्षा म्हणून त्याच स्वयंपाकघरात पाठवलं. जास्त कशाने होतंय ते शोधून काढ आणि मगच परत ये, म्हणाले.

"अशी शिक्षा मला कुणी दिली नाही कधी," मामी म्हणायची. कारण तो रस्सा मामीचा होता.

ती तेव्हा तरुण होती, उंच, मोकळ्या आवाजात हसणारी. मामा सकाळपासून तिच्या पाठीशी उभा राहून बघायचा. तेही इतरांसारखंच तेल, तेवढाच कांदा, तेवढीच आच. मामीने एकदा विचारलं, "काय शोधताय?"

"जास्त," मामा म्हणाला.

"सापडलं की मलाही सांगा. मलाही बघायचंय कसं दिसतं ते."

मामाला काही सापडलं नाही. तो शोधायला जायचा आणि जेवून यायचा. शेवटी साहेबांसमोर उभं राहून त्याने आपण सगळे म्हणतो तेच सांगितलं, की तिच्या हाताला चव आहे. इथे घोळ झाला. साहेब नियमाने चालणारे, त्यांनी ते अक्षरशः घेतलं. दुसऱ्याच दिवशी मामीच्या दोन्ही तळव्यांवर कापसाचे बोळे फिरवून ते यंत्राकडे पाठवले. यंत्राला काही आढळलं नाही. मग तिला हातमोजे घालायला लावले. वाटी आली, जास्त. मग डाव्या हाताने ढवळायला लावलं. जास्त. मामी हे सांगताना हसून हसून बेजार व्हायची, आणि मामा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचा.

कारण त्यानंतरचं हसण्यासारखं नव्हतं. साहेबांनी सांगितलं, उद्यापासून तिला भांड्यांवर घ्या. मामीने ते ऐकलं. तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं. "मला चूल हवी," एवढंच ती म्हणाली. मामाने साहेबांकडे मुदत मागितली. मी तिला बरोबरीला आणतो, म्हणाला.

"कसं आणशील?" साहेबांनी विचारलं.

मामा म्हणाला, "लग्न करून."

अशी ती दोघं एका घरात आली. साहेबांनी सरावासाठी म्हणून घरात स्वयंपाकाची परवानगी दिली. संध्याकाळी मामी रस्सा करायची, मामा चूळ भरून चमचा तोंडात घालायचा आणि म्हणायचा, "जास्त." मग अख्खं पातेलं संपवायचा. मामी मला एकदा कांदे सोलता सोलता म्हणाली होती, "त्या दिवसांत 'जास्त' म्हणताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, तुला काय सांगू. मुदत संपत चालली होती, जीव टांगणीला लागला होता, आणि तरी तो शब्द ऐकला की मला आतून बरं वाटायचं." नापास होण्यात एवढं सुख मी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही.

मामा हर प्रकारे प्रयत्न करत होता. ती झाकण उचलून वास घ्यायची, ते त्याने बंद केलं. पातेल्याकडे पाठ करून उभं राहायला लावलं. कांदा कधी हलवायचा ते स्वतः सांगायला लागला. तरी जास्तच. मग एका संध्याकाळी ती फोडणी टाकत असताना तो शेजारी बसून कचेरीतलं परिपत्रक मोठ्याने वाचू लागला. रजेचे नियम, गणवेशाचे नियम, जिन्यावरून कुठल्या बाजूने चालायचं ते. मामीला त्याचं सगळं ऐकून मधेमधे 'हं' म्हणावं लागायचं. त्या दिवशी मामाने चमचा तोंडात घातला, थोडा थांबला आणि म्हणाला, "बरोबर."

दोघं उठून बागेत फिरायला गेली. मामाने तिला फुगा घेऊन दिला, एवढ्या मोठ्या बाईला. "आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू," मामी सांगायची. "चूल वाचली होती." मी हे दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे, आणि बागेपाशी आलं की दोघंही गोष्ट तिथेच आवरती घ्यायची. मला मात्र या जागी नेहमी भरून येतं. त्या संध्याकाळी काय गेलं ते त्या गावात फक्त दोन माणसांना कळू शकत होतं, आणि तीच दोघं फुगा घेऊन हिंडत होती.

तेव्हापासून मामी बरोबरीची झाली. परिपत्रकं लागायची नाहीत; मन दुसरीकडे ठेवायची युक्ती तिला साधली होती. लहानपणी मी तिला गप्प राहून स्वयंपाक करताना कधी पाहिलं नाही. चमचा एकीकडे, तोंड दुसरीकडे. शेजारणीच्या सुनेपासून माझ्या वेणीपर्यंत सगळ्याचा समाचार फोडणी देतानाच घेतला जायचा. मला वाटायचं, बडबडी बाई आहे. तिचं स्वयंपाकघर पुढे इतकं नेमकं चाललं की वरून कौतुकाचं पत्रक आलं. पण एकीचं कौतुक कसं करायचं, म्हणून ते सगळ्या स्वयंपाक्यांना सारखंच वाटलं, ज्याची भाजी महिन्यापूर्वी करपली होती त्यालाही. तो माणूस मामीला घरी येऊन धन्यवाद देऊन गेला.

मी मोठी झाले, दवाखान्यात कामाला लागले. आणि एक दिवस तपासणीची कचेरी बंद झाली. मोर्चे नाहीत, घोषणा नाहीत. वर्षानुवर्षं प्रत्येक वाटी बरोबरच येत होती, मग तपासायचं काय? हळूहळू बाकीचे नियमही सैल झाले. घरी स्वयंपाक करायला मोकळीक मिळाली. लोक आधी बावरले. दुकानात उभे राहून एकमेकांना विचारायचे, किती मीठ घालायचं असतं हो? झाडंही कुणी छाटेना, तरी ती बराच काळ कमरेएवढीच राहिली.

मामी एका सुट्टीच्या सकाळी मला म्हणाली, "आज जेवायला कुठे जाऊ नकोस. आज मी करणार आहे."

"रोज करतेसच की," मी म्हटलं.

"रोज नाही करत गं," ती म्हणाली.

त्या सकाळी ती ओट्याशी उभी राहिली आणि बोलायची थांबली. मी दोनदा काहीतरी विचारलं, तिने हातानेच थांबवलं. झाकण उचलून वास घेतला. कांदा परतताना वाकून बघत राहिली. तिचा हात मधेच अडखळायचा, नंतर काय करायचं ते आठवत नसल्यासारखा, आणि मग ती ओठ मिटून पुन्हा ढवळायला लागायची. बटाटा-कांद्याचाच रस्सा होता. मामा टेबलापाशी बसून होता. त्याने सकाळी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. त्यालाही कळलं होतं आज काय आहे ते.

मामीने त्याला वाढलं आणि ताट न घेता उभी राहिली. मामाने चूळ भरली. चमचा तोंडात घातला. समोरच्या भिंतीकडे बघत गिळला.

"कसं झालंय?" मामीने विचारलं.

"बरोबर," मामा म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला, ते मी पाहिलं. तो पुढे काहीतरी बोलायला गेला, पण त्याला शब्द कुठून सुचणार? आयुष्यभरात त्याने जेवणाला दुसरं काही म्हटलंच नव्हतं. मामी म्हणाली, "हो का," आणि मला वाढायला लागली. ती रडली नाही, ताट आपटलं नाही. जेवताना तिने दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईची चौकशीसुद्धा केली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही आणि तिने मला सामायिक स्वयंपाकघरातून डबा आणायला सांगितलं. नंतर रोजच. चुलीसाठी जिने एवढं केलं, ती बाई पुन्हा चहा सोडून कशासाठीही शेगडीपाशी गेली नाही.

एकदाच ती त्यावर बोलली. आम्ही डबा धूत होतो. "खोटं का होईना," ती म्हणाली, "एकदा 'जास्त' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, मामाच्या तोंडून सवयीने गेलं असेल. "असेल," ती म्हणाली. "किंवा खरं असेल." मग तिने नळ मोठा केला.

पुढच्या थंडीत मामी छातीच्या दुखण्याने गेली.

मामाने हे सगळं आत धरून ठेवलं असावं, कारण ती गेल्यावर काही महिन्यांनी त्याने मला विचित्र काम सांगितलं. पाण्याचे पेले भर, त्यात कमी-अधिक मीठ घाल आणि माझ्यासमोर मांड. मी मांडले. त्याने एकेक घोट घेऊन सगळे बिनचूक ओळखले. मला वाटलं खूश होईल. तो म्हाताऱ्या माणसासारखा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "म्हणजे जीभ शाबूत आहे." त्याला जीभ गेलेली हवी होती. जीभ गेली असती तर मामीचा हात तसाच राहिला आहे असं त्याला मानता आलं असतं. आता दोनच गोष्टी उरल्या. एक तर तिचा हात त्याने शिकवला तसाच कायमचा झाला होता. किंवा त्याचं लक्षच नव्हतं आणि शब्द आपला आपण बाहेर आला. यातलं कुठलं, ते त्याला ठरवता येईना. मी त्याला कितीदा समजावलं, की मामा, तू तिची चूल वाचवलीस. "चूलच वाचवली," तो म्हणायचा.

मामी डबा धुताना काय म्हणाली ते मी त्याला सांगितलं नाही. सांगून त्याला अजून मारायचं कशाला? पण तो कधीतरी विचारील हे मला माहीत होतं, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं.

परवा दुपारी तो माझ्याकडे जेवायला होता. मी साधीच डाळ आणि भात केला होता. अर्धं जेवण झाल्यावर खाली बघतच त्याने विचारलं, "त्या दिवशी तूही जेवलीस ना गं? कसा होता रस्सा?"

"जास्त होता, मामा," मी लगेच म्हटलं. "मला तेव्हाच जाणवलं. नक्की जास्त होता."

त्याने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. माझं खोटं पकडायला नाही. त्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला वर बघवेना.

"कशापेक्षा?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. जन्मल्यापासून मी सामायिक स्वयंपाकघरातलं खाल्लं होतं आणि मामीचं बरोबरीला आलेलं खाल्लं होतं. त्या दिवशीचा रस्सा मला आवडला होता, पण मला सगळंच आवडायचं. फरक ओळखायचा तर आधी दुसरं काही जिभेवर यायला लागतं, आणि माझ्या जिभेवर ते कधी आलंच नव्हतं. तिचा हात परत आला होता की नाही, हे सांगू शकणारं मामाखेरीज जगात कुणी असलं तर ती मी होते, आणि मला काही सांगता येत नव्हतं.

तो "राहू दे," म्हणाला आणि भात कालवायला लागला.